बीएमपी-२ देऊनही सी२सी१२ पेशींत एएलपी वाढत नाही. चूक विरघळवण्यात की मोजण्यात?

नवी_कुपी (प्रश्न)

हाडाच्या पुनर्निर्मितीच्या कामासाठी मानवी रिकॉम्बिनंट बीएमपी-२ (पेशींना हाड घडवायला लावणारं प्रथिन) घेतलं आहे. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, फ्रीझ-ड्राय पावडर, १० मायक्रोग्रॅमची कुपी, वाहक प्रथिन नसलेली. रॅटच्या कवटीवर जाण्याआधी सी२सी१२ पेशींत (उंदराच्या स्नायू-पूर्वज पेशी) अल्कलाइन फॉस्फटेज (एएलपी, पेशी हाडाकडे वळल्या की वाढणारं एंझाइम) मोजून प्रथिन सक्रिय आहे एवढी खात्री हवी होती.

केलं ते असं: पावडर पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेला खारा बफर, पीएच ७.४) विरघळवून व्होर्टेक्स केली. १ मिलिलिटर करून ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढली. म्हणजे १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. साध्या ट्यूबमध्ये ४ अंशांवर आठवडाभर ठेवली. पेशी २४ वेलच्या प्लेटमध्ये, डीएमईएम मीडियम अधिक १० टक्के सीरम. बीएमपी-२ चे १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि, तीन दिवस. नंतर पीबीएसने धुऊन रिपा बफरमध्ये (पेशी फोडणारा द्रव) लायसेट केलं. त्यात प्रोटिएज-फॉस्फटेज इनहिबिटरची गोळी होती, कारण त्याच लायसेटवर वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन ओळखणं) करायचा होता. पीएनपीपी (एएलपीने तोडलं की पिवळं होणारं रसायन) घालून ४०५ नॅनोमीटरला वाचलं. बीएमपी दिलेले वेल आणि न दिलेले वेल, दोन्हीकडे ०.०८ ते ०.१०. पिवळेपणाचा मागमूस नाही.

प्रथिन मेलेलं आलं असं समजायचं का? दुसरी कुपी अजून उघडलेली नाही. आणि रॅटच्या ५ मिमी छिद्रात कोलॅजन स्पंजवर किती मात्रा द्यावी?

थेंबेथेंबे

कुपी बहुतेक चांगलीच होती. तुमच्या पेशींपर्यंत प्रथिन पोचलंच नसावं.

बीएमपी-२ हे आम्लात सुखी असणारं प्रथिन आहे. ११४ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या एका डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या, मिळून सुमारे २६ किलोडाल्टन. भार बराच धन, पृष्ठभागावर पाणी टाळणारे भाग भरपूर. पीएच ७.४ आणि पीबीएसमधलं मीठ एकत्र आलं की ते एकमेकांना चिकटून खाली बसतं. कोलायमधल्या मालावर साखर चढलेली नसते, त्यामुळे तो या बाबतीत आणखी नाजूक. १० मायक्रोग्रॅमचा गाळ डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे द्रावण स्वच्छ वाटतं आणि आपण फसतो. मग तुम्ही ते फिल्टरमधून काढलं. गुठळ्या पडद्यावर अडकल्या, सुटं होतं त्यातलंही बरंचसं पडद्याला आणि सिरिंजला चिकटलं. उरलेलं आठवडाभर ट्यूबच्या भिंतीवर बसलं. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि आणि सोबत बीएसए (गाईचा अल्ब्युमिन) नाही, म्हणजे भिंतीला मोकळं रान.

दुसऱ्या कुपीसाठी असं करा. आधी कुपीसोबतच्या कागदावर कोणता द्रव सांगितला आहे ते वाचा. कोलायच्या मालाला काही ठिकाणी २० मिलिमोलर ॲसिटिक आम्ल किंवा नुसतं पाणी सुचवतात, ते सांगितलं असेल तर तेच. तसं काही नसेल तर ४ मिलिमोलर एचसीएल अधिक ०.१ टक्के बीएसए हा सगळ्यात चालणारा मार्ग. तीव्र एचसीएल साधारण १२ मोलर असतं. त्यातून आधी १ मोलर करा आणि त्याचे ४०० मायक्रोलिटर पाण्यात घालून १०० मिलि करा. थेट ३३ मायक्रोलिटर उचलून १०० मिलिमध्ये टाकण्याचा मोह नको, वाफाळत्या आम्लात इतक्या छोट्या मापाचा भरवसा नसतो. त्यात बीएसए विरघळवा (कमी एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंचं विष कमी असलेला घ्या) आणि हे द्रावण फिल्टर करा. प्रथिन नंतर येणार, ते फिल्टरला दाखवायचंसुद्धा नाही.

कुपी उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा. पावडर बहुतेक वेळा झाकणाला किंवा भिंतीला असते आणि दिसत नाही. कुपीत काहीच नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच केलेलं नसतं. मग १०० मायक्रोलिटर भिंतीवरून फिरवत सोडा, खोलीच्या तापमानाला १५ ते ३० मिनिटं ठेवा, अधूनमधून तिरकं करून फिरवा. व्होर्टेक्स नाही, फेस नाही. झाला १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिचा स्टॉक. लो-बाइंड ट्यूबमध्ये १० मायक्रोलिटरचे दहा वाटे पाडा आणि उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेला वाटा परत गोठवायचा नाही. आणि स्वतः बर्फ काढणारा घरगुती छापाचा फ्रीझर वापरू नका, तो रोज थोडा थोडा वितळवत असतो.

पिवळा_वेल

वरचं सगळं खरं, पण प्रथिन शंभर टक्के ठणठणीत असतं तरी तुमचा आकडा ०.०८ च आला असता. तुम्ही एंझाइमच मारलं आहे.

एएलपी हे फॉस्फटेज आहे. फॉस्फटेज इनहिबिटरची गोळी त्याच्यासाठीच बनलेली. गोळीतलं व्हॅनाडेट त्याला अडवतं, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट त्याचाच सब्स्ट्रेट (एंझाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) म्हणून मध्ये बसतं. रिपामध्ये बहुधा ईडीटीए असतं, ते झिंक आणि मॅग्नेशियम ओढून घेतं, आणि या दोघांशिवाय एएलपी चालत नाही. वर पीबीएसने धुतलं, म्हणजे उरलेलं फॉस्फेट आणखी स्पर्धेला. एका दगडात तीन पक्षी, आणि तिन्ही आपलेच. आता कुपी परत पाठवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

वेस्टर्न आणि एएलपीसाठी वेगळे वेल ठेवा, तडजोड नाही. एएलपीच्या वेलमधला मीडियम काढा, दोनदा ०.९ टक्के सलाइनने किंवा ट्रिस-सलाइनने धुवा (सीरममध्येही एएलपी असतं, ते जायला हवं). वेलमागे १५० मायक्रोलिटर लायसिस द्रव: १० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१००. गोठवा-वितळवा दोनदा, खरवडून घ्या, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये गाळ बसवा. वरच्या द्रवाचे १० मायक्रोलिटर ९६ वेलच्या प्लेटमध्ये, त्यावर १०० मायक्रोलिटर पीएनपीपी: १ मिलिग्रॅम प्रति मिलि, १ मोलर डायइथॅनॉलअमीन पीएच ९.८, ०.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ३७ अंशांना १५ मिनिटं, मग ५० मायक्रोलिटर ३ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने थांबवा आणि ४०५ ला वाचा.

दोन सूचना. पीएनपीपी ताजं करा, जुनं द्रावण आपोआप पिवळं पडतं आणि ब्लँकच ०.३ दाखवतो. आणि आकडा २ च्या वर गेला तर लायसेट पातळ करून पुन्हा, कारण तिथे आकडा एंझाइमच्या प्रमाणात वाढत नाही आणि ३०० व १००० नॅनोग्रॅमचे वेल सारखेच दिसतात. भागाकार एकूण प्रथिनाने करा, बीसीए चाचणीने. ब्रॅडफर्ड चाचणीला ट्रायटन मानवत नाही.

खात्रीचा कंट्रोल फुकट मिळतो: एएलपी असलेलं कुठलंही लायसेट, किंवा विकतचं एएलपी, तुमच्या रिपात आणि या द्रवात, दोन्हीत मोजून बघा. पाच मिनिटांत वाद मिटेल.

मायोट्यूब

पेशींकडेही बघा. १० टक्के सीरममध्ये सी२सी१२ नुसत्या वाढत राहतात. २४ वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे २० ते ३० हजार, दुसऱ्या दिवशी ७०-८० टक्के भरल्या की २ टक्के सीरमवर आणा आणि त्याच वेळी बीएमपी-२ द्या. १०० नॅनोग्रॅम या पेशींना काठावरचं आहे, जुन्या कामांत स्नायूंचा मार्ग बंद पाडायला ३०० वापरलेलं दिसतं. ०, १०, ३०, १००, ३००, १००० अशी मालिका लावा. ०.५ मिलि, तीन-तीन वेल, सगळं मिळून साधारण २.२ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे एका कुपीत चार वेळा होतं. प्रत्येक वेलमध्ये दीड मायक्रोलिटर टाकत बसू नका, मात्रेमागे १.७ मिलि मीडियम एकत्र तयार करून वाटा. शून्याच्या वेलला तितकंच आम्ल-बीएसए.

प्लेट रीडरच्या आधी सूक्ष्मदर्शक. चौथ्या-पाचव्या दिवशी शून्याच्या वेलमध्ये लांब, अनेक केंद्रकांचे तंतू दिसायला हवेत, ३०० च्या वेलमध्ये ते जवळजवळ नसावेत. शून्यातही तंतू नसतील तर पेशी वारंवार गच्च भरू दिल्याने बिघडल्या आहेत. नवी कुपी पेशींची काढा, बीएमपीची नव्हे.

तीन दिवस थांबायचं नसेल तर स्मॅड १/५ (पेशीत बीएमपीचा संकेत नेणारी प्रथिनं) यांचं फॉस्फोरिलेशन बघा. चार तास ०.५ टक्के सीरमवर उपाशी ठेवा, ५० ते १०० नॅनोग्रॅम द्या, ३० ते ६० मिनिटांत लायसेट. साधारण ६० किलोडाल्टनला पट्टा. इथे मात्र फॉस्फटेज इनहिबिटर हवाच. एका वेलमध्ये अर्धा तास आधी एलडीएन-१९३१८९ (बीएमपी रिसेप्टर बंद पाडणारं रसायन, १०० नॅनोमोलर) टाका. पट्टा गेला तर संकेत खरोखर बीएमपी रिसेप्टरवरून येतो आहे. उपाशी ठेवायला विसरलात तर सीरममधल्या बीएमपीमुळे सगळेच पट्टे काळे.

नवी_कुपी

उत्तम. लगेच तीन शंका. एक, मीडियमचा पीएचही ७.४ च आहे, मग तिथे गाळ का होत नाही? दोन, फिल्टर केलेला जुना स्टॉक आम्ल घालून वाचवता येईल का? तीन, रॅटमध्ये बीएसएवालाच स्टॉक चालेल का?

थेंबेथेंबे

एक: होतो, पण हळू आणि कमी. मीडियममध्ये तुम्ही नॅनोग्रॅममध्ये आहात. १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि म्हणजे ३.८ नॅनोमोलर, आणि आजूबाजूला सीरमचा अल्ब्युमिन हजारो पटींनी जास्त. रेणूला दुसरा बीएमपी भेटण्याआधी अल्ब्युमिन भेटतो. पीबीएसमध्ये दाट स्टॉक केला की हे उलटतं. म्हणून दाट साठवायचं ते आम्लात, आणि पातळ करायचं थेट सीरम असलेल्या मीडियममध्ये, मध्ये पीबीएसचा टप्पा न ठेवता. आम्लाची काळजी नको, १ मिलि मीडियममध्ये ३ मायक्रोलिटर गेलं तर १२ मायक्रोमोलर आम्ल, बायकार्बोनेटला ते कळतही नाही.

दोन: नाही. फिल्टरवर गेलेलं परत येत नाही आणि किती उरलं ते माहीत नसताना त्यावर मात्रा मोजणं व्यर्थ. टाकून द्या.

तीन: नाही. गाईचा अल्ब्युमिन रॅटमध्ये आठ आठवडे ठेवणं म्हणजे प्रतिकारशक्तीचा वेगळाच प्रयोग. एक तर रॅटचा अल्ब्युमिन वापरा, नाहीतर वैद्यकीय उत्पादनात असतो तसा बफर: २.५ टक्के ग्लायसिन, ०.५ टक्के सुक्रोज, ५ मिलिमोलर ग्लुटामिक आम्ल, ५ मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.०१ टक्के पॉलिसॉर्बेट-८०, पीएच ४.५. मीठ किती कमी आहे बघा. आणि प्राण्यांच्या कामाला कोलायचा माल असेल तर एंडोटॉक्सिनचा आकडा विश्लेषण-पत्रकावर असतो, तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एंडोटॉक्सिनमुळे (एलपीएस) मॅक्रोफेज पेटले तर हाड कशामुळे आलं किंवा आलं नाही हे सांगता येत नाही.

कवटी_८मिमी

रॅटच्या भागाचं मी घेतो.

आधी छिद्र ठरवा. रॅटच्या कवटीत आपोआप न भरणारं म्हणून मान्य असलेलं छिद्र ८ मिमीचं, मधोमध एक. ५ मिमीची दोन, दोन्ही बाजूंना, अशी पद्धत लोकप्रिय आहे कारण प्राणी निम्मे लागतात. पण एका बाजूला बीएमपी आणि दुसऱ्या बाजूला रिकामा स्पंज ठेवणार असाल तर माझा विरोध. मधलं अंतर काही मिलिमीटर, प्रथिन पहिल्या दिवसांतच भसाभस सुटतं, कंट्रोलच्या बाजूला जातं. दोन छिद्रं करायचीच तर एका प्राण्यात दोन्हीकडे एकच गट, आणि आकडेवारीत प्राणी हा एकक, छिद्र नव्हे.

स्पंजचा आकारमान-हिशोब: ५ मिमी व्यास, दीड मिमी जाडी म्हणजे सुमारे ३० मायक्रोलिटर. ८ मिमीचा तोच स्पंज ७५ मायक्रोलिटर. त्यामुळे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिचं द्रावण पूर्ण शोषलं की ५ मिमीला ३ मायक्रोग्रॅम, ८ मिमीला साडेसात. तुमच्या कामाला ५ मिमीत १ आणि ३ मायक्रोग्रॅम असे दोन गट पुरेत, सोबत स्पंज अधिक बफर आणि पूर्ण रिकामं छिद्र. मात्रेसोबत तीव्रता लिहा. हाडाचा दर्जा एकूण मायक्रोग्रॅमपेक्षा तीव्रतेवर जास्त अवलंबून असतो. रॅटच्या मांडीच्या हाडात १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि आणि वर गेल्यावर सूज आणि आत चरबीने भरलेल्या पोकळ्या असलेलं कवचासारखं हाड मिळतं. मायक्रो-सीटीवर आकारमान छान वाढलेलं, कापून बघितलं तर आत पोकळ.

माणसाचा आकडा रॅटवर उतरवू नका. अमेरिकेत एफडीएने २००२ मध्ये कमरेच्या मणक्यांच्या जोडणीसाठी मान्य केलेल्या इन्फ्यूज या बीएमपी-२ च्या उत्पादनात तीव्रता १.५ मिलिग्रॅम प्रति मिलि आहे, तुमच्या १०० मायक्रोग्रॅमच्या १५ पट. छोट्या प्राण्यांकडून माकडांकडे आणि माणसाकडे जाताना लागणारी तीव्रता वाढत जाते. आणि त्याच मालाचा मानेच्या मणक्यात वापर झाल्यावर घशाला जीवघेणी सूज आल्याने २००८ मध्ये एफडीएला इशारा काढावा लागला. जास्त म्हणजे चांगलं, हा हिशोब या प्रथिनाला लागू नाही.

स्पंज भिजवणं: कोरडा, आधीच निर्जंतुक केलेला स्पंज. ट्रेफाइनने (गोल छिद्र पाडणारं हत्यार) किंवा बायोप्सी पंचने कापा. द्रावण थेंब थेंब पूर्ण पृष्ठभागावर, मग किमान १५ मिनिटं थांबा, कमाल दोन तास. चिमट्याने मधोमध दाबलात की अर्धी मात्रा चिमट्यावर. कडेने उचला. पीबीएसमध्ये आधी ओला करू नका, कारण वर आलंच आहे. प्रथिन घातल्यावर गॅमा किंवा इथिलीन ऑक्साइड अजिबात नाही.

शस्त्रक्रियेत ट्रेफाइनचा बाहेरचा व्यास ५ आहे की आतला, ते बघा, छिद्र बाहेरच्याने पडतं. फेरे कमी (मिनिटाला १५०० च्या खाली), थंड सलाइनची धार सतत. कडा भाजल्या तर त्या कडेने हाड येत नाही आणि दोष मात्रेला जातो. शेवटचा पातळ थर ट्रेफाइनने न कापता एलेव्हेटरने उचला, ड्युरा (मेंदूवरचं आवरण) फाटू देऊ नका. मधल्या रेषेवर ८ मिमी पाडताना खाली मोठी शीर आहे, रक्त आलं तर स्पंज त्याच रक्ताने भरतो आणि मात्रा वाहून जाते. आधी दाबून थांबवा, मगच स्पंज. वर पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) वेगळा शिवा, नाहीतर स्पंज त्वचेखाली सरकतो.

४ आणि ८ आठवड्यांना मायक्रो-सीटी, सगळ्या प्राण्यांना एकच थ्रेशोल्ड, नंतर किमान काही नमुन्यांचे काप. भारतात असाल तर या सगळ्याआधी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे फॉर्म बी, सीसीएसईएच्या (पूर्वीचं सीपीसीएसईए) नियमांनुसार. मात्रेचे गट बदलले तर सुधारित मंजुरी लागते, म्हणून दोन मात्रा आत्ताच लिहून ठेवा.

पिवळा_वेल

८मिमी यांच्याशी एकाच मुद्द्यावर असहमत. एका प्राण्यात दोन्हीकडे तोच गट ठेवला तर दोन छिद्रांचा फायदा जवळजवळ संपतो. मग सरळ एक ८ मिमी करावं. ५ मिमी रिकामं ठेवलं तर आठ आठवड्यांत कडेने थोडं भरतंच, आणि १ मायक्रोग्रॅमचा गट त्यातून वेगळा काढणं जड जातं.

कवटी_८मिमी

मान्य. नावातच आहे माझ्या. पण शिकणाऱ्या हाताला मधली शीर भारी पडते, म्हणून पर्याय ठेवला.

सीएचओ_की_कोलाय

एक गोष्ट राहिली. संशोधन-लेखांतल्या नॅनोग्रॅमची सरळ तुलना करू नका. सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशींत बनवलेलं बीएमपी-२ साखर चढलेलं, जास्त विरघळणारं. कोलायचं आतल्या गुठळ्यांतून काढून पुन्हा घडी घालून बनवलेलं. दोन्ही काम करतात, पण त्याच परिणामाला कोलायचा माल पुष्कळदा कित्येक पट जास्त लागतो आणि लॉटगणिक बदलतो. प्रत्येक नव्या लॉटची मालिका सी२सी१२ वर लावून ईसी-५० (निम्मा परिणाम देणारी तीव्रता) काढा आणि कुपीवर लिहा.

शंका असेल तर ५०० नॅनोग्रॅम जेलवर चढवा, एका विहिरीत रिड्यूसिंग (डायसल्फाइड बंध तोडून), एकीत नॉन-रिड्यूसिंग (न तोडता). नॉन-रिड्यूसिंगमध्ये २६-३० किलोडाल्टनला पट्टा, रिड्यूसिंगमध्ये १३-१५ ला. नॉन-रिड्यूसिंगमध्येही १३ ला ठळक पट्टा असेल तर जोडी जुळलेलीच नाही, आणि एकटी साखळी कामाची नाही. शेजारच्या विहिरीतला बंध तोडणारा डीटीटी झिरपून फसवतो, मध्ये एक विहीर रिकामी सोडा. बीएसए असलेल्या स्टॉकवर हे करू नका, तोच सगळा पट्टा खाऊन टाकतो.

मानवी मेसेन्कायमल पेशींवर (हाड घडवू शकणाऱ्या मूलपेशी) जाणार असाल तर निराशेची तयारी ठेवा. नुसत्या बीएमपी-२ ने त्यांचं एएलपी फारसं वाढत नाही, डेक्सामेथासोन (१०० नॅनोमोलर) लागतं.

नवी_कुपी

स्पंजमधून किती सुटतं ते पीबीएसमध्ये ठेवून एलायझाने (अँटिबॉडीने प्रथिन मोजणारी चाचणी) मोजायचं ठरवलं होतं. आता तेही चुकीचं वाटतंय.

थेंबेथेंबे

आहेच. पीबीएसमध्ये सुटलेलं बीएमपी गाळ होतं किंवा ट्यूबला चिकटतं, एलायझाला दिसत नाही, आणि आलेख सांगतो की स्पंजने सगळं धरून ठेवलं. सुटण्याचा द्रव म्हणून मीडियम अधिक १ टक्का बीएसए घ्या, लो-बाइंड ट्यूब, ३७ अंश, १ मिलि. १, ६, २४ तास, मग ३, ७, १४ दिवस, दर वेळी पूर्ण द्रव बदला आणि नमुना लगेच गोठवा. प्रमाणरेषा किटमधल्या सीएचओच्या मालाने न काढता तुमच्याच लॉटने, त्याच द्रवात काढा.

सोबत स्पंज नसलेली एक ट्यूब ठेवा: तेवढंच बीएमपी थेट द्रवात, तेवढेच दिवस. त्यात सातव्या दिवशी निम्मंच मोजलं गेलं तर स्पंजच्या आलेखातली तेवढी घट स्पंजची नाही. शेवटी स्पंजमध्ये उरलेलं ४ मोलर ग्वानिडिनमध्ये काढा आणि एलायझाआधी किमान शंभर पट पातळ करा, नाहीतर ग्वानिडिन अँटिबॉडीच उलगडून टाकतं.